हळकुंड नाखवा

ओमानातल्या सूर गावी, खाडीच्या कडेला,
चौघं आम्ही राहतो. सांगते चौथ्याबद्दल तुम्हाला.
रंग पिवळाधम्मक त्याचा, पाय जेमतेम चार बोटं,
शेपूट म्हणजे स्वल्पविराम, स्वप्न मात्र मोठ्ठं मोठ्ठं.
नाव त्याचं हळकुंड. आई म्हणते, "अहो,
मसाल्याच्या डब्यात घालू, झाकणसुद्धा लागेल हो!"

खाडीपाशी कारखाना लाकडी जहाजांचा,
करवतींची घरघर आणि वास ताज्या सागाचा.
तिथे बसून नाखुदा हमूद काहवा पीत सांगे मोठ्या
झांजिबारच्या गोष्टी साऱ्या (अर्ध्या तरी असतील खोट्या).
"नाखुदा म्हणजे?" मी विचारलं. "आपल्याकडचा नाखवा,"
म्हणाले बाबा. हळकुंड उठला: "माझी बोट दाखवा!"

पहिली बोट धुण्याचा टब, साबणाचा फेस,
शीड म्हणून ओढून आणला आईचा नवा ड्रेस.
टब हलेना, बंदर येईना, नाखवा तरी ठाम:
"वारा पडलाय!" म्हणत त्याने केला तिथेच आराम.

एके दिवशी संध्याकाळी गेलो आम्ही वाळूवर.
लाट आली आगाऊपणे हळकुंडाच्या पायांवर.
"भू!" म्हणाला. "भू भू भू! मागे हो म्हणतो ना!"
आणि काय सांगू तुम्हाला, समुद्र मागे सरला ना!
एक हात, दोन हात... होड्या चिखलात फसल्या,
खेकडिणी आपापल्या दारात येऊन बसल्या.

(ओहोटी होती. पण हे आता त्याला सांगणार कोण?
इतकी हलली शेपूट त्याची, वाटलं आहेत दोन.)
अर्ध्या हळकुंडाने होतात माणसं पिवळी म्हणे,
हा तर अख्खा हळकुंड! मग याला काय उणे?

वाळत घातल्या माशांपाशी मांजरी होत्या चार,
त्यांच्याकडे बघितलंच नाही. (खरं तर भीतीच फार.)
शेळ्या येतात आमच्या गल्लीत, पुठ्ठे खातात सारे,
त्यांना म्हणाला, "समुद्र आवरलाय. तुम्ही रांगेत या बरे!"

शुक्रवारी पुन्हा गेलो. तोच "भू", तोच थाट.
समुद्राने ऐकून घेतलं. आणि दिली एक लाट.
नाकात पाणी, कानात वाळू, शेपटीला शेवाळ,
नाखवा कसला, रात्रभर भिजवलेली डाळ!

हमूद हसला मोडक्या हिंदीत, टाकलं जुनं पोतं त्याला,
(दोन हात लांबूनच हं) खजूर देत मला म्हणाला,
"भरती-ओहोटी आपली नसते. चाळीस वर्षं गेली माझी,
कधी तिने विचारलं नाही, 'हमूद, आहेस का राजी?'
चंद्र वरून ओढतो पाणी, दोरी दिसत नाही कुणाला.
मालक तोच. आम्ही नाखुदे बसतो फक्त सुकाणूला."

मी ऐकलं. बाबांनी ऐकलं. पोत्यामधूनही कुणीतरी
ऐकलं असणार. पिवळा कान उभा राहिला एक तरी.

घरी येताना शहाणा दिसला. गप्प. मान खाली.
आई म्हणाली, "आली अक्कल!" मला शंका आली.

रात्री जाग आली तेव्हा टोपली त्याची रिकामी.
गच्चीवरून आवाज कसला? धावलो बाबा आणि मी.
पालथ्या बादलीवर उभी नाखव्याची स्वारी,
समोर चंद्र पुनवेचा, थाळीसारखा भारी.

"भू!" म्हणाला चंद्राला. मग थांबला. कान दिला.
आणि, शपथ घेऊन सांगते,
चंद्र ढगात गेला.

बाबा म्हणाले, "झालं!"